अमावास्येचे पिवळे पान

लग्नघरी ऐन पंगतीच्या वेळी वरण करपले असता आचारी मंडळी भटारखान्यात ज्या भाषेत एकमेकांच्या कुळाचा उद्धार करतात, तिच्यातील एक अक्षरही मांडवापर्यंत पोहोचू द्यावयाचे नसते. तेथे यजमानाने उपरणे सावरून व हात जोडून एवढेच निवेदन करावयाचे असते की, पाने मांडण्यास किंचित अवकाश आहे, मंडळींनी तोवर पानसुपारी घ्यावी. अपराध एक आणि त्याची निवेदने दोन, हा जो गृहस्थाश्रमाचा अलिखित जाबता, तो संगणकशास्त्राने रीतसर लेखनिविष्ट करून ठेवला आहे, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी एक कळही बसवून दिली आहे, हे ज्ञान मला माझ्या भाच्याच्या कृपेने झाले. ती कळ त्याने फिरवावयाची राहिली, म्हणूनच झाले. वेळीच फिरवली असती तर मी आजही त्या विषयात सुखाने अज्ञ असतो.

ज्या यंत्रावर प्रोग्रॅम रचला जातो, मोडला जातो आणि आपल्या कर्त्याच्या शिव्या खातो, त्याला या मंडळींच्या बोलीत डेव्हलपमेंट म्हणतात. ज्या यंत्रावर तो लोकांच्या उपयोगी पडतो आणि लोकांच्या शिव्या खातो, त्याला प्रॉडक्शन. पहिल्या ठिकाणी चूक घडली तर ती नखशिखान्त दिसली पाहिजे: कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीत, कोणाच्या बोलावण्यावरून कोण गेला, आणि पडला त्या क्षणी त्याच्या हाती काय काय होते, इथपर्यंत. दुसऱ्या ठिकाणी तीच चूक घडली तर आलेल्या गृहस्थास एक सभ्य, मोघम आणि जमल्यास सचित्र पान दाखवून वाटेस लावावे व तपशील दप्तरी ठेवावा, असा संकेत आहे. आता खानदेशाची गोष्ट अशी की, १९०६ सालापर्यंत हा सगळा मुलूख एकच जिल्हा होता आणि त्याची कचेरी धुळ्यास होती. त्या वर्षी सरकारने त्याची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी करून पूर्वेची कचेरी जळगावास थाटली. त्या वाटणीच्या वेळी साहेबाच्या मनात संगणकाचा विचार असण्याचे काहीच कारण नव्हते. तथापि माझ्या भाच्याच्या उद्योगात जळगाव हे डेव्हलपमेंट आणि धुळे हे प्रॉडक्शन ठरल्यामुळे ती अखेर सत्कारणी लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

भाचा जळगावच्या विद्यापीठाचा पदवीधर. मे महिन्यात जळगावचे ऊन असे असते की, त्याच्या भाड्याच्या खोलीतला लॅपटॉप आणि तो स्वतः यांपैकी आधी कोण बंद पडेल, याची शेजारी पैज लावीत. त्याने धुळ्याच्या एका आडत्यासाठी एक संकेतस्थळ रचून दिले. शेठजींच्या गाळ्यावर दिवसाची आवक किती झाली, एकूण उलाढाल किती, आणि क्विंटलमागे सरासरी भाव काय पडला, हे साक्री, शिंदखेडा, शिरपूर येथील कास्तकारांना घरबसल्या मोबाइलवर दिसावे, अशी योजना होती. त्यासाठी त्याने पायथन भाषेतील जँगो नामक चौकट, म्हणजे फ्रेमवर्क, वापरली. ही चौकट अमेरिकेतील कॅन्सस संस्थानात लॉरेन्स नावाच्या गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झाली आणि २००५ साली जगापुढे आली. ती वर्तमानपत्रवाल्यांनी घडवली, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण दुसऱ्याच्या चुकीचे सविस्तर वृत्त छापण्यात या चौकटीचा हात धरणारी चौकट मी तरी पाहिली नाही. तिच्या सेटिंग्जमध्ये डीबग नावाची एक कळ असते. ती ‘खरे’ यावर ठेवली तर चौकट सर्व काही खरे बोलते, आणि ‘खोटे’ यावर ठेवली तर शिष्टाचाराने वागते.

प्रोग्रॅमची चाचणी जळगावात यथासांग झाली. परंतु ती झाली सगळी शुक्ल पक्षात. सरासरी भाव काढण्याची रीत सरळ आहे, एकूण रकमेला एकूण क्विंटलने भागावे. आणि जोवर मार्केट यार्डात निदान एक तरी गाडी येते आहे तोवर या रीतीत वैगुण्य काढावयास जागा नाही. परंतु अमावास्येला आडत बंद ठेवण्याचा शेठजींचा परंपरागत शिरस्ता. संकेतस्थळ धुळ्यास रुजू झाल्यावर पहिली अमावास्या आली, आवक शून्य झाली, पायथनने शून्याने भागण्यास स्पष्ट नकार दिला, आणि डीबगची कळ जळगावच्या सवयीने ‘खरे’ यावरच राहिलेली असल्यामुळे शिंदखेड्यापासून साक्रीपर्यंत ज्याने ज्याने भाव पाहण्यास मोबाइल उघडला त्याला भावाऐवजी माथ्यावर पिवळी पट्टी असलेले एक लांबच लांब इंग्रजी पान दिसू लागले. शेठजींना हे कळले तेव्हा ते मुळीच क्षुब्ध झाले नाहीत, हे त्यांच्या थोरवीला धरूनच झाले. “आज अमावस शे ना भाऊ; मशीन बी बंद ऱ्हाई,” असे म्हणून त्यांनी यंत्राच्या धर्मनिष्ठेविषयी समाधानच व्यक्त केले.

घोटाळा दुपारी झाला. ते पिवळे पान केवळ चूक सांगून थांबत नाही. चुकीच्या प्रत्येक पायरीवर हिशेबात असलेले सर्व आकडे, त्यांच्या नावांसकट, कोष्टकात मांडून दाखवते. प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य या आकड्यांना वाटेल ती नावे देऊ शकतो, आणि रात्री दोन वाजता, हप्ता थकलेला असताना, जी नावे सुचतात ती दिवसाउजेडी सुचणाऱ्या नावांहून निराळी असतात. भाच्याने उलाढालीच्या एकूण रकमेला ‘कंजूस शेठ एकूण’ असे नाव दिले होते. रोमन लिपीत दिले होते, परंतु ती लिपी आता शिंदखेड्यातही वाचता येते. एका कास्तकाराने दूरध्वनीवरून अत्यंत आदराने चौकशी केली, तेव्हा शेठजींनी नातवाकडून पान वाचवून घेतले, आणि नंतर जळगावास फोन लावून एवढेच विचारले, “हाई कंजूस कोन शे रे भाऊ?”

या प्रकरणात चौकटीच्या रचनाकारांची दूरदृष्टी वाखाणण्याजोगी होती, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. सेटिंग्जमधील ज्या नावात पासवर्ड, सिक्रेट, टोकन अशी अक्षरे आढळतात त्यांच्यापुढील मजकूर हे पिवळे पान आपण होऊन तारका छापून झाकते. म्हणजे शेठजींच्या तिजोरीची किल्ली झाकली गेली होती. उघडे राहिले होते ते केवळ त्यांचे विशेषण. आणि सगळ्यावर कडी अशी की, पानाच्या अगदी तळाशी चौकटीने बजावून ठेवले होते की, डीबगची कळ ‘खरे’ यावर असल्यामुळे हे दृश्य आपणांस दिसत आहे, ती ‘खोटे’ यावर न्याल तर साधे पान दिसेल. कबुलीजबाबाच्या खाली असा उपाययोजनेचा शेरा मारणारा आरोपी आमच्या फौजदारी कोर्टात अद्याप उभा राहिलेला नाही.

त्या पानाकडे पाहताना मला राहून राहून इतिहासाचार्य राजवाड्यांचे स्मरण झाले, आणि ते धुळ्याच्या संदर्भात अप्रस्तुत नव्हते. कारण राजवाड्यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आणि त्यांचे दप्तर त्याच गावी आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत बखरींची अशी काही झडती घेतली की, ऐकीव मजकुरावर विसंबणाऱ्या बखरकारांची रया गेली. घडते वेळी लिहिलेले अस्सल पत्र हाच पुरावा, मागाहून कोणाला बरे वाटावे म्हणून लिहिलेली हकीकत नव्हे, हा त्यांचा आग्रह. आता पिवळे पान म्हणजे शुद्ध अस्सल कागद: घडते वेळचा, तारीखवार, कोणाची भीडमुर्वत न ठेवणारा. आणि ‘काही तांत्रिक अडचणीमुळे आपली विनंती पूर्ण होऊ शकली नाही’ असे म्हणणारे पांढरे पान म्हणजे बखर. तिच्यात पराभव होतात, पण कोणाच्या चुकीने झाले ते कळत नाही. राजवाड्यांनी निःसंशय पिवळ्या पानाचा कैवार घेतला असता. फरक एवढाच की, त्यांनी छापलेल्या पत्रांतील माणसे दीड-दोनशे वर्षांपूर्वी दिवंगत झालेली होती, आणि आमचे शेठजी हयात होते व त्यांच्याकडे भाच्याचे बिल थकलेले होते.

केवळ शिष्टाचारासाठीच तपशील झाकावयाचा असतो असेही नाही. फाइलींचे मार्ग, कोष्टकांची नावे, कोणत्या चौकटीची कितवी आवृत्ती, ही सगळी माहिती चोराच्या दृष्टीने घराचा नकाशा आहे. लाराव्हेल नामक दुसऱ्या चौकटीच्या बाबतीत तर २०२१ साली असे उघडकीस आले की, चुका सुंदर रीतीने दाखवण्यासाठी तिच्याबरोबर दिलेल्या साधनातच भोक आहे, आणि डीबगची कळ चालू राहिलेल्या सर्व्हरवर बाहेरच्या माणसाला त्यातून आपले हुकूम चालवता येतात. चूक दाखवणारे पानच चूक करते, ही स्थिती तत्त्वज्ञाला रम्य आणि मालकाला घातक होय.

भाच्याने त्याच रात्री कळ फिरवली. फिरवताक्षणी संकेतस्थळाची सारी वस्त्रे गळून पडली: रंग गेले, चौकटी गेल्या, केळीच्या घडाचे चित्र गेले, आणि नुसती अक्षरे पानभर उघडी पडली. याचे कारण असे की, जँगोबरोबर सरावासाठी जो छोटा सर्व्हर फुकट मिळतो तोच त्याने धुळ्यास चालवला होता, आणि तो सर्व्हर डीबग बंद होताच सजावटीच्या फाइली वाढण्याचे काम सोडून देतो. हे काम त्याचे नव्हेच, असे त्याच्या कागदपत्रात पूर्वीच लिहिलेले आहे. मग दारावर एंजिनएक्स नावाचा द्वारपाल बसवावा लागला. त्यातून आणखी एक सूक्ष्म प्रश्न उद्भवला, तो असा की, प्रोग्रॅमच समूळ मेला तर क्षमायाचनेचे पान कोणी दाखवावे? आपल्या निधनाची वार्ता मृताने स्वतः वाचून दाखवावी ही अपेक्षा फाजील होय. म्हणून ते पान आगाऊ लिहून द्वारपालाजवळ ठेवून द्यावे लागते, आणि ते इतके साधे ठेवावे लागते की त्यात स्वतःची काही चूक होण्यास वावच राहू नये.

या निमित्ताने निरनिराळ्या घराण्यांचे जाबते मी चौकशी करून पाहिले. पीएचपी ही भाषा दोन सेटिंग्ज फाइली तयारच देते, एक डेव्हलपमेंटची आणि एक प्रॉडक्शनची. पहिलीत चुका दाखवण्याची कळ चालू असते, दुसरीत बंद असते पण नोंदवण्याची चालू असते, आणि कोणती उचलावयाची हे मनुष्याच्या विवेकावर सोडलेले असते, म्हणजेच सोडून दिलेले असते. रेल्सवाले अधिक कुटुंबवत्सल. त्यांच्या कळीचा आशय असा की, येणाऱ्या प्रत्येकास घरचाच माणूस समजावे काय? परंतु मला मनापासून आवडला तो मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटचा शिरस्ता. त्यात चालू आणि बंद यांखेरीज तिसरी एक अवस्था आहे, आणि मुळात तीच लागू असते: सर्व्हरच्या यंत्रावरच बसून पाहणाऱ्यास पूर्ण तपशील, दुरून पाहणाऱ्यास मोघम पान. त्या मोघम पानावर नम्रपणे असेही सांगितलेले असते की, सुरक्षेस्तव तपशील दुरून पाहता येणार नाही, मात्र सर्व्हरच्या यंत्रावर तो पाहता येईल. ‘अर्जदाराने समक्ष कचेरीत येऊन भेटावे’ या वाक्यावर ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्या निवृत्त अव्वल कारकुनांना मी हे दाखवले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले.

उत्तर किती लांब असावे याचाही एकदा नियम झाला होता. जुना इंटरनेट एक्सप्लोरर असा मानी होता की, सर्व्हरने पाठवलेले चूक सांगणारे पान ५१२ बाइटांहून लहान भरले तर तो ते अपुरे समजून बाजूस सारी आणि त्याच्या जागी स्वतःचे ‘स्नेहपूर्ण’ पान दाखवी. तेव्हा आपले म्हणणे लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून प्रोग्रॅमर मंडळी आपल्या दोन ओळींच्या पानात अदृश्य व निरर्थक मजकूर भरून त्याचे वजन वाढवीत. सरकारी पत्रव्यवहारात हा प्रघात त्यापूर्वीही होता, मात्र तेथे मजकूर अदृश्य नसे.

सर्व्हर आपल्या प्रत्येक उत्तरावर जो क्रमांक घालतो, त्या क्रमांकांची व्यवस्था त्या मानाने न्याय्य आहे. चारशेपासूनचे क्रमांक अर्जदाराच्या चुकीचे, पाचशेपासूनचे कचेरीच्या चुकीचे. कचेरीने आपल्या चुकीसाठी स्वतंत्र शंभर क्रमांक राखून ठेवावेत, हा औदार्याचा प्रकार महसूल खात्यात मला आढळला नाही. चारशे चार म्हणजे मजकूर दप्तरी आढळत नाही. चारशे तीन म्हणजे आढळतो, पण तुम्हांला पाहता येणार नाही. आणि जेथे कागद आहे हेच कळू द्यावयाचे नसेल तेथे चारशे तीनच्या ऐवजी चारशे चार सांगण्याची मुभा प्रत्यक्ष नियमावलीतच दिली आहे, हे वाचून तिचा कर्ता कधीकाळी एखाद्या चावडीत उमेदवारी करून गेला असावा, असा मला दाट संशय आला. चहाच्या किटलीने कॉफी करण्यास नकार देताना ४१८ हा क्रमांक वापरावा, असे १ एप्रिल १९९८ च्या एका विनोदी नियमपत्रात आहे. ते सोडून देऊ. सर्वांत निंद्य प्रकार म्हणजे आत दिलगिरी छापावयाची आणि लखोट्यावर मात्र दोनशेचा, म्हणजे ‘सर्व ठीक’ असा शिक्का मारावयाचा. अशी पाने आपल्या देशात विपुल आहेत.

जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाटेत अमळनेर लागते, आणि या विषयात ते टाळून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. १९४५ सालच्या डिसेंबरात तेथे वनस्पती तूप करणारी जी कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो या नावाने जगभर संगणकाचा व्यवसाय करू लागली; तेव्हा तुपातून सॉफ्टवेअर निघू शकते हे खानदेशाने सिद्धच केले आहे. परंतु त्याहूनही एकोणतीस वर्षे आधी, १९१६ साली, त्याच गावी श्रीमंत प्रतापशेठांनी अद्वैताच्या अभ्यासासाठी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले होते, आणि पांढऱ्या पानाची खरी मीमांसा तेथल्या शास्त्रात आहे. अविद्येच्या दोन शक्ती: आवरण, जी असलेले झाकते, आणि विक्षेप, जी नसलेले दाखवते. मोघम वाक्य हे आवरण झाले. त्यावर जी चित्रे काढतात, उदाहरणार्थ २००८ च्या सुमारास ट्विटर वारंवार कोसळू लागले असता ते लोकांना दाखवीत असलेला तो पक्ष्यांनी दोरांनी उचलून धरलेला देवमासा, तो विक्षेप. लोक सर्व्हरचे दुःख विसरून देवमाशावर प्रेम करू लागले, त्याचे छाप असलेले सदरे घालू लागले. मायेचा इतका निर्भेळ विजय शंकराचार्यांच्याही पाहण्यात आला नसेल. २०१३ साली तो मासा निवृत्त झाला.

पांढरे पान दाखवण्याचा अधिकार मात्र ज्याने रोजनामा लिहिला आणि वाचला त्यालाच, असे माझे मत आहे. जँगोत कळ ‘खोटे’ यावर असताना पाचशेची चूक घडली की तिचा संपूर्ण वृत्तान्त प्रशासकास ईमेलने पाठवण्याची सोय आहे. भाच्याने ती लावली. पहिल्या आठवड्यात प्रत्येक पत्र वाचले. पुढे पत्रे वाढली तेव्हा ती आपोआप एका निराळ्या कप्प्यात जाऊन पडावीत अशी तजवीज केली, आणि तो कप्पा उघडण्याचे काम भावी संशोधकांवर सोपवले. सर्व्हरवरची नोंदवही तर जुनी पाने ठरावीक मुदतीने स्वतःच फाडून टाकते. राजवाडे वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या रद्दीतून दप्तरे सोडवून आणीत. येथे रद्दीही उरत नाही.

अमावास्येचा बंदोबस्त एका ओळीत झाला. त्यानंतर काही दिवस गेले आणि मुनिमाने वजनाच्या रकान्यात ‘दीड’ असे अक्षरी लिहिले. पायथनला देवनागरी आकडे वाचता येतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही; परंतु ‘दीड’ त्याला येत नाही, आणि पांढरे पान प्रकट झाले. ते पाहून शेठजींनी भाच्यास धुळ्यास बोलावून घेतले. त्यांची तक्रार अशी की, पूर्वीचे पान उर्मट होते पण त्याच्याकडून काही कळे तरी. हे पान नुसते गोड बोलते. “माले पिवळंच पान दखाड, लोकेसले पांढरं,” असा त्यांनी हुकूम सोडला, आणि मायक्रोसॉफ्टने जो शिरस्ता पगारी माणसे बसवून ठरवला तो गादीवर लोडाला टेकून एका वाक्यात ठरवून टाकला. जँगोत ही सोय उपजत नाही, पण थोडी खटपट केली तर मालक आत शिरलेला असताना त्याच्यापुरते पिवळे पान दाखवता येते. भाच्याने आधी ‘कंजूस’ सर्वत्र खोडून ‘मान्यवर’ केले आणि मग ती सोय करून दिली.

पुढल्या चुकीच्या वेळी शेठजींनी नातवाला जवळ बसवून पिवळे पान वरपासून खालपर्यंत, कोष्टकांसह, वाचून घेतले. मान्यवर या नावावर ते क्षणभरही थांबले नाहीत. त्यांचे बोट तोलाईच्या दरावर थांबले: भाच्याने जुनाच दर घातला होता आणि प्रत्येक क्विंटलमागे काही पैसे कमी धरले जात होते. फरकाची रक्कम त्यांनी भाच्याच्या थकलेल्या बिलातून वळती करून घेतली, उरलेल्या रकमेचा धनादेश मुनिमाकरवी जळगावास पाठवला, आणि सोबतच्या चिठ्ठीत रक्कम कमी का, या रकान्यात स्वहस्ते लिहिले: काही तांत्रिक अडचणीमुळे.